नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या काकूंना, फलटणहून

ती. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

'माझं नाव कुठं लिहायचं नाही हं,' असं तुम्ही विमानतळावर बजावलं होतंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. परत येऊन महिने झाले, तरी तुमची आठवण निघाली की अजून गळा दाटून येतो. फोनवर हे बोलायला गेले की तुम्ही 'पुरे गं' म्हणून विषय बदलता. पत्रात तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

आधी ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याबद्दल सांगते. दहावीनंतर वर्षभरासाठी एक्स्चेंजवर नेदरलँड्सला जायचं ठरलं, तेव्हा माझा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. स्टेजवरच्या एका पदाधिकाऱ्यांनी माइकवरून जाहीर केलं की लेकीची हॉकी स्टिक, बूट, किट, सगळं आमच्याकडून. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, पेपरात बातमी आली. त्यानंतर बाबा त्यांच्या ऑफिसात चकरा मारत राहिले. साहेब मीटिंगमध्ये, साहेब मुंबईला, साहेब लग्नाला. शेवटी बाबांनी जीपीएफमधून उचल घेतली आणि जालंधरची स्टिक मागवली. माझे बाबा झेडपीचे शिक्षक. कुणापुढं कधी हात पसरला नाही त्यांनी. त्या ऑफिसच्या बाकावर त्यांना ताटकळत बसवलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमच्या फलटण तालुक्यात मुलींना हॉकीचं वेड आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे इथूनच भारताच्या संघात गेल्या. मी त्या तोडीची नाही, पण त्यांच्याकडं बघूनच स्टिक धरली. आमचं मैदान मुरमाचं. चेंडू कधी, कुठं उसळेल त्याचा नेम नाही, त्यामुळं आम्ही उभ्याउभ्या, स्टिक सरळ धरून चेंडू अडवायला शिकलो. तुमच्याकडं क्लबात पहिल्या दिवशी पाहिलं तर हिरवंगार टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, आणि खेळायच्या आधी फवारे लावून ते चक्क भिजवत होते. दुष्काळी पट्ट्यातल्या पोरीला ते पाणी बघून कसं वाटलं असेल! त्या ओल्या टर्फवर चेंडू उसळतच नाही, सरपटत येतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जातो. कंबरेत वाकून, स्टिक जमिनीलगत आडवी धरून अडवायचा. पहिले काही आठवडे रात्री कंबर धरून झोपायचे. हिवाळ्यात मैदानं बंद झाली की सगळे हॉलमध्ये, तिथं चेंडू मारायचा नाही, फक्त ढकलायचा. तो खेळ मला फार आवडला. मनगटाचं काम मुरमावर आयतंच शिकून झालं होतं.

बाकी दिवस कसे जायचे ते तुम्हीच मला समजावून दिलंत. दुपारी जेवण म्हणजे पावावर लोणी आणि वर चॉकलेटचा चुरा. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ताटावर. कुणाच्या घरी सहज म्हणून जायचं नाही, डायरी बघून वेळ ठरवायची. वाढदिवसाला गेलं की ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, त्याच्या आईवडिलांचं, भावंडांचंसुद्धा अभिनंदन करायचं. ही पद्धत मला इतकी पटली की परत आल्यावर आईच्या वाढदिवसाला मी आजीचंही अभिनंदन केलं. आजी लाजली. सायकलचा ब्रेक पायडल उलटं फिरवून लागतो हे एका कालव्याच्या काठावर कळलं, थोडक्यात वाचले. शाळेचं विशेष सांगण्यासारखं नाही, भाषा कळायला लागेपर्यंत निम्मं वर्ष गेलं होतं.

मला सांगायचंय ते शनिवारचं.

तिकडं मुलामुलींचे सामने शनिवारी. निम्मे आपल्या क्लबात, निम्मे दुसऱ्या गावी. दुसऱ्या गावी जायला बस नसते, आईवडील पाळीपाळीनं आपल्या गाडीतून चौघी-चौघींना नेतात. क्लबच पालकांवर चालतो. कुणी मॅनेजर, कुणी अंपायर, कुणी बारवर चहा-कॉफी द्यायला, आणि पगार कुणालाच नाही. संघाच्या मॅनेजर बाई सगळ्यांचा एक तक्ता करून ग्रुपवर टाकायच्या. एका बाजूला खेळाडूचं नाव, शेजारी पालकांचं नाव, नंबर आणि गाडीची पाळी. माझ्या नावाशेजारची चौकट रिकामी होती.

मी ज्या घरी राहत होते ती माणसं चांगली होती, पण त्यांची बेकरी. शनिवारी त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची, आणि ते मला दिसत होतं. त्यामुळं मी दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत. कुणी नाही म्हणालं नाही. पण एकदा पार्किंगमध्ये एका मुलीच्या आईनं मॅनेजर बाईंना विचारलं, हिच्याकडून कोण गाडी काढतं? टोचून नव्हे हो, हिशोबाच्या सरळपणानं. तिकडं सगळं सरळच विचारतात. मला मात्र पाय मातीत गेल्यासारखं झालं. पुढच्या बाहेरगावच्या सामन्याला मी डोकं दुखतंय म्हणून कळवलं. त्याच्या पुढच्यालाही.

आम्हा एक्स्चेंजवर आलेल्या मुलांची काळजी घ्यायला म्हणून एक व्यक्ती नेमलेली होती. तिला मी सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं की खेळ हा कार्यक्रमाचा भाग नाही, माहितीपुस्तिका पुन्हा वाचावी. एवढंच. सोळा वर्षांची मुलगी घरापासून हजारो किलोमीटरवर रडकुंडीला येऊन लिहितेय आणि तिला पुस्तिका वाच म्हणून सांगायचं! त्या कामासाठीच तर त्यांना नेमलं होतं.

तुमची ओळख गणपतीत झाली होती, आरतीनंतर. 'कुठली गं तू?' फलटण म्हटल्यावर, 'मी मिरजेची.' तेवढ्या ओळखीवर तुम्ही अधूनमधून फोन करायचात. त्या आठवड्यात तुम्ही सहज विचारलंत, सामना कसा झाला, आणि मी गेलेच नाही म्हटल्यावर का, हे विचारलंत. मी सांगून टाकलं. तुम्ही 'बरं' म्हणालात. सल्ला नाही, समजूत नाही. मॅनेजर बाईंचा नंबर तेवढा मागून घेतलात.

बुधवारी सराव संपवून मी बूट सोडत होते तेव्हा ग्रुपवर नवा तक्ता आला. माझ्या नावाशेजारची चौकट भरलेली होती. तुमचं आडनाव, तुमचा नंबर, आणि गाडीच्या रकान्यात येत्या शनिवारची तारीख. मी फोटो मोठा करून पाहिला. परत पाहिला. सगळ्यांच्या चौकटींसारखीच एक चौकट, त्याच आकाराची, त्याच अक्षरांची. त्या दिवसापासून मी त्या संघात कुणाच्या उपकारावर आलेली पाहुणी राहिले नाही. माझ्या वाटची पाळी माझ्याकडून दिली जात होती. काकू, पैसे, कपडे, खाणं, हे सगळं पुढं तुम्ही किती केलंत त्याची मोजदाद नाही. पण मला विचाराल तर ती चौकट. तिच्यापुढं बाकीचं सगळं मागं पडतं.

आणि तुम्ही हायवेवर गाडी चालवायला घाबरायचात, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं! काकांनी ते फार नंतर सांगितलं, तुम्ही स्वयंपाकघरात असताना, हळू आवाजात. इतकी वर्षं तिथं राहून तुम्ही गाडी फक्त बाजारापर्यंत न्यायचात. चौकटीत नाव घातलंत आणि शनिवारच्या आधी एका पहाटे, रस्ते मोकळे असताना, काकांना शेजारी बसवून उट्रेख्ट शहरापर्यंत जाऊन आलात. मग मला तो पहिला शनिवार आठवला. पाऊस, मागं तीन मुली गुडघ्यांत स्टिका धरून बसलेल्या, आणि तिथं पोचेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं तुम्हाला कंटाळा आलाय. तुमची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती, ती मी बघितली होती, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

मैदानाशी तुम्ही स्वेटरवर रेनकोट चढवून उभ्या राहायचात. 'पायाला लागला तर शिट्टी का? फुटबॉलमध्ये तर पायानंच मारतात.' मी मध्यंतरात नियम सांगायचे, आणि हिवाळा संपेपर्यंत पेनल्टी कॉर्नर मिळाला की आधी तुमचाच आवाज यायचा. बारवरची पाळीही तुम्ही सोडली नाहीत. तळणीत मांसाचे गोळे असतात म्हटल्यावर, 'मी कप धुते' म्हणून बाह्या वर करून उभ्या राहिलात. त्या बायकांनी लगेच जागा करून दिली. मघाशी सांगितलेली ती मुलीची आई तुमच्या शेजारी फडकं घेऊन कप पुसत होती. तीही वाईट बाई नव्हती. तिनंच पुढं तुमच्याकडून शंकरपाळ्यांची कृती लिहून घेतली.

वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, भारतात हॉकी खेळतात का? ते मी तुम्हाला हसत सांगितलं, तुम्ही मात्र हसला नाहीत. पुढच्या सुट्टीला मला अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर घेऊन गेलात. ऑलिंपिकची ज्योत पहिल्यांदा पेटली तो मनोरा दाखवलात. आणि सांगितलंत की 26 मे 1928 ला याच मैदानात आपण नेदरलँड्सला 3-0 हरवून हॉकीचं पहिलं सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेत भारतानं 29 गोल केले, त्यातले 14 ध्यानचंदांचे, आणि आपल्यावर एकही गोल झाला नाही. तुम्ही हे सगळं रात्री बसून वाचून आला होतात. ज्या बाईला महिन्यापूर्वी स्टिकची सपाट बाजू कुठली ते माहीत नव्हतं! मी तिथून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा म्हणाले, '1973 चा विश्वचषक तुमच्या अ‍ॅमस्टेलव्हीनलाच गेला आपल्या हातून, पेनल्टी स्ट्रोकवर,' आणि मग तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून बराच वेळ बोलत राहिलात.

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही खेळाडूला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट पाठ असते. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कुस्तीचं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला नेहमी खाशाबाच दिसायचे. आता खर्डेकर सर दिसतात. घर गहाण टाकताना त्यांनी माइक मागितला नसेल. अशी माणसं तेव्हा होती आणि आताही आहेत, मिरजेतून उठून परक्या देशात गेली तरी तशीच राहतात. स्टेजवर ती सापडत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की संपली.

मी परत आल्यावर पुन्हा सत्काराचं निमंत्रण आलं, त्याच मंडळींकडून. बाबांनी मला विचारलं, मी नको म्हटलं. बाबांनी तसं कळवलं.

इथं आता मी लहान मुलींना संध्याकाळी शिकवते. मुरमावरच, पण कंबरेत वाकून. तालुक्याबाहेर सामने असले की पोरींना न्यायचं कसं हा दर वेळचा घोळ. काहींच्या घरी दुचाकीसुद्धा नाही. तर मी एक तक्ता केलाय. बाबांच्या गाडीला दोन पाळ्या आहेत, दूधवाल्या मामांनी टेम्पो देऊ केलाय, आणि ज्यांच्याकडं गाडी नाही त्या आयांनी पाण्याची, चटणी-भाकरीची पाळी घेतलीय. एकाही मुलीची चौकट मी रिकामी ठेवलेली नाही.

दिवाळीला मिरजेला येणार आहात असं काका म्हणाले. मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलात की लोणंदला उतरा. आई म्हणते दोन दिवस तरी राहिलंच पाहिजे, आणि सामन्याचा शनिवार गाठलात तर फार बरं. तारीख आणि गाडीची वेळ तेवढी कळवा, स्टेशनवर घ्यायला बाबा येतील.

तुमची,
फलटणची पोर