केंद्रप्रमुख मॅडमना, त्या वहीबद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मुद्द्याचं, म्हणजे मुलांच्या वाचनाच्या नोंदींची जी वही तुम्ही सुरू केलीत तिचं, राहून गेलं, म्हणून हे पत्र.

आपल्या केंद्रातल्या, म्हणजे तुमच्या देखरेखीखालच्या आसपासच्या शाळांच्या गटातल्या, बहुतेक शाळा दोनशिक्षकी, पट विसाच्या आतबाहेर. एका गुरुजींची बदली झाली की अर्धी शाळाच बदलते आणि वाचनाचा उपक्रम परत 'अ'पासून सुरू होतो. तुम्ही नवा उपक्रम आणला नाहीत, याचेच पहिले आभार. वर्षाला लक्ष्य एकच ठेवलंत: तिसरीतल्या मुलाला गोष्ट वाचून कळली पाहिजे. २०२१च्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचंही तेच म्हणणं, पण आमच्याकडे ते अहवालातच मुक्काम करून होतं.

अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या वाचनाच्या पायऱ्या सगळ्यांना पाठ होत्या. तपासायचं कसं, ते तुम्ही बसवून दिलंत. मूल एकटं पडवीत बसवायचं, सुरुवात परिच्छेदापासून. तीनपेक्षा जास्त चुका नसतील तर गोष्ट द्यायची. अडलं तर शब्द, पाचातले चार आले पाहिजेत. आपली मुलं आपणच तपासली की आकडे फुगतात. त्यात लबाडी नसते, माया असते. म्हणून शेजारच्या वाडीतल्या शाळेचे शिक्षक तपासणार, हा तुमचा नियम. एकच उतारा वर्षभर वापरला तर पोरं तो ऐकून ऐकून पाठ म्हणतात, म्हणून उताऱ्यांचे चार संच. 'मासे' हा शब्द चित्राकडे बघत 'म्हावरा' असा वाचणाऱ्या मुलावरून तर शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, अर्धा तास वाद झाला. तुमचा निवाडा वहीत आहे: अर्थ कळला, त्याची नोंद वेगळी; शब्द वाचला असं धरायचं नाही.

ही परिषद पूर्वी परिपत्रकवाचनातच जेवणाच्या सुट्टीला टेकायची. तुम्ही परिपत्रकं आदल्या दिवशी मोबाइलवर पाठवलीत आणि पहिला तास मुलांच्या वाचनस्तरांच्या तक्त्याला दिलात. त्यानंतर यजमान शाळेतल्या मुलांवर प्रत्यक्ष पाठ. नकाशातलं गाव बघण्यापेक्षा हे बरं.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक, निम्म्या महिला, हे कायद्यात आहेच. पण खलाशी बाप सभेला येणार कधी? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, म्हणजे तो घरी. वर्षातली मोठी सभा तुम्ही तेव्हाच धरलीत, आणि बायांना सोयीचं म्हणून संध्याकाळी. शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा, तो आर्थिक वर्ष संपण्याआधी तीन महिने तयार हवा. आमच्याकडे मात्र मागच्या वर्षीचाच मार्चमध्ये उतरवला जायचा. आता डिसेंबरात होतो, आणि पहिल्या पानावर वर्गवार वाचनस्तर असतात, रंगरंगोटी नव्हे. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त अनुदान १०,००० रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. उरल्यातून वीजबिल आणि खडू. पुस्तकं कुठून आणायची?

म्हणून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांपुढे यादी ठेवायला शिकवलंत. नाहीतर ते हौसेने टीव्ही देतात आणि खारी हवा दोन पावसाळ्यांत तो खाऊन टाकते. यादीत गोष्टींची पुस्तकं आणि सुतळी. पावसात बंद कपाटात पुस्तकांना बुरशी धरते, वर्गात दोरीवर टांगली तर हवाही लागते आणि मुलांचे हातही.

वही आता केंद्रशाळेत आहे. बदलून जाणाऱ्याने प्रत्येक मुलापुढे स्तर आणि अडलेली जागा ('जोडाक्षरं', 'रफार') लिहून सही करायची, येणाऱ्याने वाचून सही करायची. दोन शाळांच्या सह्या राहिल्यात, शाळा उघडायच्या आत घेतो. उताऱ्यांचा तिसरा संच फाटलाय. त्याची मूळ प्रत तुमच्याकडे असेल तर एसटीच्या पार्सलने पाठवून द्या.

आपले,
केंद्रातील शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य