नानांची करणी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

नानांची ती गवंडीकामाची, माल थापायची करणी नीट पोचली हे वाचून जीव भांड्यात पडला. खोक्याला मी तीनदा चिकटपट्टी गुंडाळली होती, तरी धाकधूक होतीच.

तू विचारलंस, तिची एकच कड इतकी का झिजलीय, कुणाच्या हातून पडलीबिडली होती का. पडली नाही रे. गवंडी करणीच्या कडेनेच वीट तोडतो. उजव्या हाताच्या गवंड्याची एक कड झिजते, डावखुऱ्याची तिच्या समोरची. नाना डावखुरे. तूही डावखुरा, म्हणून ती तुझ्याकडे आली. नाहीतर मामाचा डोळा होताच तिच्यावर.

नाना गेले त्या दिवशी तू लिहिलं होतंस, "नाना किती साधे होते." सगळ्यांनीच तसं लिहिलं. तेव्हा मी काही बोलले नाही, पण मला ते पटलेलं नाही. साधेबिधे काही नव्हते. हट्टी होते, मानी होते आणि आपल्या कामाबद्दल तर भलतेच खडूस होते. तुला ते माहीत असलेलं बरं.

देश सोडला तेव्हा ते पस्तिशीचे. तिकडे कुठलाही कोपरा काटकोनात आहे की नाही, हे बघायला लोक त्यांना बोलवायचे. इकडे आल्यावर बिगारी म्हणून घेतलं. माल कालवायचा, विटा वाहायच्या. एके दिवशी एक गवंडी आला नाही म्हणून मुकादमाने यांना भिंतीवर चढवलं. नानांनी लहानपणापासून केलं तेच केलं, लावण्याआधी विटा पाण्यात भिजवल्या. तिकडची वीट तहानलेली असते. कोरडी लावली तर मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत होतो. इकडची वीट कडक भाजलेली, ती पाणी फारसं पीत नाही. भिजवून लावली की मालावर तरंगते. दुपारपर्यंत सहा थर चढले, खालून माल बाहेर यायला लागला आणि भिंतीला पोट सुटलं. सगळ्यांसमोर ती उतरवायला लावली. मुकादम काय बोलला ते नानांनी कधीच सांगितलं नाही. पुढे दीड वर्ष पुन्हा घमेलं.

त्या दीड वर्षात हा माणूस काय करत होता ठाऊक आहे? रोज एक वीट खोलीवर आणायचा. एका खोलीत पाच जण राहायचे, त्यात ही वीट. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि ते किती वेळात जिरतात ते घड्याळ लावून बघायचं. बाकीच्यांना वाटलं, घरच्या आठवणीने याचं डोकं फिरलं. आजीला पाठवलेल्या एका पत्रात तर त्यांनी इकडच्या विटेची कड आखून पाठवली होती, खऱ्या मापाची. एका कागदावर मावली नाही म्हणून दोन कागद जोडून. आजी शेवटपर्यंत टोमणा मारायची, "लोकांच्या नवऱ्यांची पत्रं यायची, मला वीट आली." पण ते दोन कागद तिच्या ट्रंकेत तळाशी घडी करून ठेवलेले मला सापडले. आता माझ्याकडे आहेत.

आम्ही इकडे आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. मी त्यांना ओळखलं नाही, आजीच्या मागे लपले. त्यांनी जवळ घेतलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला तो उलटा, पालथा. नेहमीच तसा फिरवायचे. मला वाटायचं, ही त्यांची लकब. खूप उशिरा कळलं. सिमेंट चुन्यासारखंच दाहक, कातडी खातं. त्यांच्या तळव्यांना भेगा पडलेल्या असायच्या, बोटांची टोकं खरखरीत झालेली. मऊ राहिली होती ती फक्त हाताची मागची बाजू. तुलाही ते तसाच हात लावायचे, आठवून बघ.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्या बाबांनाही माहीत नाही. मी दहा वर्षांची असेन. नानांनी एका घरमालकाचं काम पुरं केलं होतं आणि पैसे आणायला मला दुभाषी म्हणून बरोबर नेलं. त्या माणसाने अर्धेच पैसे पुढे केले आणि तुमच्यासारख्या लोकांबद्दल काहीतरी बोलला. शब्द लिहीत नाही. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ते म्हणतायत काम छान झालंय, उरलेले पुढच्या महिन्यात देतो." नाना "बरं" म्हणाले, त्या माणसाला हसून नमस्कार केला आणि आम्ही निघालो. वाटेत एक अक्षर नाही. आपण फार हुशारी केली असं मला वाटत होतं.

तुझ्या जन्मानंतर कधीतरी हा विषय निघाला. मी कबूल केलं. नाना चहा ढवळत म्हणाले, "तेवढी भाषा मला तेव्हाही येत होती गं."

मी विचारलं, मग तिथे काही बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तू इतकं छान सांगितलंस, कसा बोलणार?"

असो. बघ, भलतंच लिहीत बसले. काम राहिलंय ते सांगते.

घराच्या मागच्या भिंतीच्या विटा जुन्या आणि मऊ आहेत. आपण घर घेण्याआधी कुणीतरी तिच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंट विटेपेक्षा कडक, आत गेलेली ओल सांध्यातून बाहेर पडू देत नाही. मग ती विटेतूनच निघते, थंडीत गोठते आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. नाना दोन वर्षं हळूहळू ते सिमेंट उकरून चुन्याचा माल भरत होते. खिडकीपर्यंत झालंय. वरचे थर राहिलेत. मी एका माणसाला विचारलं, तो म्हणाला, सिमेंटच मारून देतो, दोन दिवसांत मोकळे. त्याला मी वाटेला लावलं.

चुन्याचं पोतं कोरड्यात ठेवलंय. तापमान पाच अंशांच्या खाली गेलं की चुना धरत नाही, आणि गोठला तर सगळाच वाया. तेव्हा थंडी पडायच्या आत चार दिवस काढून ये. करणी घेऊन ये. तिची कड घासून घेऊ नकोस, मूठही बदलू नकोस.

तुझी आई