‘बी’ म्हणजे प्रत नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मित्रमंडळींसोबत बसून खिदळण्याजोग्या जुन्या ‘भंगार’ चित्रपटांची यादी आली होती. लेख खुसखुशीत आहे, दोन-तीन ठिकाणी मलाही हसू फुटले. पण त्याच यादीत ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ हा जुना अमेरिकी भयपट दिसला आणि हे पत्र लिहायला बसलो. त्या चित्रपटाला हसायला बसणाऱ्यांना मी अडवणार नाही, दहाव्या मिनिटाला ते आपसूक गप्प होतील. माझी तक्रार ‘भंगार’ या शब्दाबद्दल आहे.

‘बी ग्रेड’ म्हटले की आपल्या बोलण्यात चोरून बघायचे काहीतरी, एवढाच अर्थ उरला आहे. मुळात ‘बी’ ही प्रत नव्हतीच, तो खेळातला क्रम होता. १९३० च्या दशकात मंदीमुळे अमेरिकेतली थिएटरे ओस पडू लागली तेव्हा मालकांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. एक मोठा, नावाजलेल्या नटांचा. दुसरा स्वस्तातला, तास-सव्वा तासाचा. हा दुसरा म्हणजे ‘बी’. मोठ्या चित्रपटाला गल्ल्यातला टक्का मिळे, ‘बी’ला ठरावीक भाडे. हा हिशेब ध्यानात घेतला की बाकीचे बरेच उलगडते. चित्रपट कितीही चालला तरी भाडे वाढणार नसेल, तर कमाई खर्च कापण्यातूनच करायची. आणि खर्च हाताबाहेर जात नाही तोवर आत दिग्दर्शक काय करतोय हे बघायला वरचे साहेब फारसे फिरकत नसत. या दुर्लक्षाचा काहींनी पाट्या टाकायला उपयोग केला, काहींनी त्याचे सोने केले.

निर्माता व्हॅल ल्यूटन सोने करणाऱ्यांतला. १९४२ मध्ये हॉलीवूडच्या आरकेओ स्टुडिओने त्याच्याकडे भयपट सोपवले ते तीन अटींवर: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत आणि नाव स्टुडिओ सांगेल ते. पहिले नाव हातात पडले ‘कॅट पीपल’. दुसऱ्या कोणी या नावाखाली रबरी मुखवट्याचा मांजरमाणूस नाचवला असता. ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक तूर्नर यांनी श्वापद जवळजवळ दाखवलेच नाही. रात्री सामसूम रस्त्याने एक बाई चालली आहे, मागे दुसरीच्या टाचांचा आवाज. मग तो आवाजच थांबतो. आता नुसती शांतता. तेवढ्यात कानाशी जनावर फिसकारल्यासारखा आवाज होतो आणि आपण दचकतो, तर ती बस येऊन थांबलेली असते! या दणक्याची इतक्यांनी नक्कल केली की अशा फसव्या दचक्याला ‘ल्यूटन बस’ असेच नाव पडले. याच चित्रपटातला ऐसपैस जिना ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’ या मोठ्या चित्रपटासाठी उभारलेला होता. उभा होता, म्हणून वापरला.

आता लेखकाच्या बाजूने. दिग्दर्शक एड वूडचा ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ यादीत असणारच होता, तो असल्या याद्यांचा गणपती आहे. १९८० मध्ये एका पुस्तकाने त्याला जगातल्या सर्वांत वाईट चित्रपटाचा किताब दिला आणि तेव्हापासून हसणाऱ्यांची रीघ लागली. त्यातला नट, जुन्या ‘ड्रॅक्युला’मुळे गाजलेला बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला. त्याचे थोडे तुकडे तेवढे टिपलेले होते, चित्रपट अजून व्हायचा होता. तेव्हा दिग्दर्शकाने बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठ-मणक्याचे उपचार करणाऱ्याला, तोंडापुढे झगा धरून लुगोसी म्हणून उभे केले. यावर हसू नका असे कोण म्हणेल? आम्ही चौघांनीही हसण्यासाठीच तो लावला होता. पहिली वीस मिनिटे धमाल आली, मग दोघे मोबाइलमध्ये शिरले, एकाने डुलकी काढली. पुढे कधीतरी एकट्याने पुन्हा बघितला तेव्हा लुगोसीचे खरे, मरणापूर्वी टिपलेले ते मूक तुकडे नीट दिसले. थकलेला म्हातारा घरातून बाहेर पडतो, फुलापाशी थबकतो. तो चित्रपट मला आजही वाईटच वाटतो. पण तो तुकडा पाहताना मला हसता आले नाही, एवढे खरे.

‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ची गोष्ट निराळी. हर्क हार्वी हा कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढणारा नोकरदार. गाडीने घरी परतताना त्याला ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टेअर नावाचा ओसाड पडलेला जुना करमणूक-मंडप दिसला आणि ती जागा डोक्यातून जाईना. १९६२ मध्ये पडद्यावर आलेला हा चित्रपट त्याने सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये, मूठभर माणसांत उरकला. त्यातले मुख्य भूतही तो स्वतःच झाला. पुलावरून गाडी नदीत कोसळते, एक मुलगी वाचते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरून दुसऱ्या गावी जाते. मग एका दुकानात अचानक सगळे आवाज बंद होतात. माणसे बोलतात पण ऐकू येत नाही, तिच्याकडे कोणी बघत नाही. नंतर भरलेले आवाज ओठांशी नीट जुळत नाहीत, आजूबाजूची माणसे पाठ केल्यासारखी बोलतात. एरवी या गोष्टी दोष म्हणून मोजल्या असत्या. इथे त्यांमुळेच वाटते, की ही मुलगी आणि जग यांच्यामध्ये काच आहे. हार्वीने हे जाणूनबुजून साधले की पैशांच्या ओढाताणीत साधून गेले, कोण जाणे. मला तरी त्याने फरक पडत नाही. पुढे त्याने दुसरा कथापट केला नाही, आपल्या माहितीपटांकडे परत गेला.

असे कितीतरी. ‘गन क्रेझी’त (१९५०) जोसेफ एच. लुइसने बँकेवरचा दरोडा गाडीच्या मागच्या सीटवर कॅमेरा ठेवून एका सलग शॉटमध्ये घेतला. बँकेचे आतले दृश्यच नाही, म्हणून सेटचा खर्चही नाही, आणि आपण मागे बसलेले तिसरे साथीदार होऊन घामाघूम. एडगर उल्मरच्या ‘डीटूर’मध्ये (१९४५) प्रवासाची दिशा पडद्यावर कायम राहावी म्हणून काही दृश्यांची निगेटिव्ह उलटी छापली, त्यामुळे अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डावीकडून धावतात! डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या प्रेक्षकाच्या हे पटकन लक्षातही येत नाही. स्वस्त चित्रपटांचा निर्माता रॉजर कॉर्मन याने हाताखाली घडवलेल्या बड्या दिग्दर्शकांची नावे सगळेच सांगतात, मी सांगत नाही. मला त्याची आवडणारी गोष्ट वेगळी आहे: स्त्रियांच्या तुरुंगाचे चटकदार चित्रपट विकणाऱ्या त्याच्याच कंपनीने थोर स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ अमेरिकेत वितरित केला.

याचा अर्थ जुने आणि स्वस्त ते सगळे थोर, असे मुळीच नाही. या ढिगातले बहुतेक चित्रपट विनोदी नसतात, कंटाळवाणे असतात. लांबी भरायला माणसे दारापासून गाडीपर्यंत चालतच राहतात, मध्येच कुठल्यातरी माहितीपटातली विमाने उडतात. ढीग उपसावा लागतो. पण उपसणाऱ्याने आधीच तोंडावर कुत्सित हसू चढवले असेल, तर त्याच्या हाताला फक्त ‘प्लॅन ९’मधली पुठ्ठ्याची थडगीच लागणार.

एक विनंती. या चित्रपटांवर पुन्हा लिहून घ्याल तेव्हा साल, लांबी आणि कोणती प्रत पाहिली एवढे तरी छापा. रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे (१९६८) प्रदर्शनापूर्वी नाव बदलताना कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि चित्रपटावर कोणाचा हक्कच उरला नाही. मग ज्याला वाटेल त्याने प्रतीवरून प्रत काढली. वर्षानुवर्षे लोकांनी पाहिला तो धुरकट, कापलेला चिखल, आणि तोच ‘स्वस्त लूक’ म्हणून वाखाणला किंवा हिणवला. २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून तो नीट करण्यात आला. त्यात काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा दिसतात, तळघराच्या भिंतीही दिसतात. लेखकाने कोणता पाहिला?

आपला,
एक जुना वाचक

ता. क. — ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ लेखकाने एकदा रात्री, एकट्याने, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघावा. लांबी साधारण सव्वा तास आहे.