जादा १०५ फूट घेतले नाहीत

ती. बाबा आणि आई,

सा. नमस्कार.

फोनवर सांगायला जावं तर बाबा "बरं, बरं" म्हणून विषय मिटवतात, आणि आई फोन ओढून घेऊन मुलांनी डब्यात काय नेलं ते विचारते. म्हणून लिहिते आहे. आपली इमारत पाडून नवी बांधताना किती मोठं घर हवं, तो सोसायटीचा पर्यायाचा फॉर्म मी शुक्रवारी पाठवून दिला. ४९७ चौरस फुटांवर खूण केली. जादा १०५ फूट आपण विकत घेत नाही.

बाबा, तुम्ही कोऱ्या फॉर्मवर सही करून "तू ठरव" म्हणालात. मग दोन दिवसांनी, वर्तमानपत्र चाळता चाळता म्हणावं तसं, "एक खोली जास्त असली की पोरं आली तर बरं पडतं" असंही म्हणालात. मी दोन्ही ऐकलं होतं. दुसरं ऐकूनही पहिल्याप्रमाणे वागले, त्याचं आधी सांगते.

आपलं घर ५४० फुटांचं, हे आपण सगळे जन्मभर म्हणत आलो. १९७९ च्या करारनाम्यात तसंच आहे, पण ते बिल्टअप. त्यात बाहेरच्या भिंती आल्या आणि त्या काळी बिल्डर वर जे काही चढवायचे तेही आलं. गणपतीत आर्किटेक्टची माणसं आली तेव्हा मी तिथेच उभी होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत लेझर लावला, माझा विश्वास बसेना म्हणून टेपनं पुन्हा मोजलं. ४३२. हे कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा. आणि बंद केलेली बाल्कनी त्यांनी धरलीच नाही, कारण मंजूर नकाशात ती उघडी आहे. ३२ फूट. तुम्ही माझ्या दहावीसाठी तिला काचा लावून घेतल्या होत्या आणि आई पहाटे चहा ठेवून जायची तेव्हा काचेवर वाफ धरायची, ती जागा कागदावर नाहीच. मला त्या पोरावर उगाच राग आला. तो बिचारा मशीनवरचा आकडा वाचत होता.

तर नव्या घरासाठी ४३२ वर पंधरा टक्के जादा, म्हणजे ४९७. तुम्ही म्हणालात, "५४० चं घर देऊन ४९७ घ्यायचं, हा कुठला हिशोब?" बाबा, हे आंबे आणि पेट्या एकत्र मोजण्यासारखं झालं. ५४० वेगळ्या मापाचे, ४९७ वेगळ्या. पण समितीवाले सांगतात तशी ६५ फुटांची वाढही नाही, हेही सांगून ठेवते. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याच्या, व्याख्येत घराच्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. आपल्या ४३२ मध्ये त्या नाहीत. त्या घातल्या तर आपलंच घर ४४७-४८ च्या घरात जातं. म्हणजे खरी वाढ पन्नासेक फूट. आईच्या स्वयंपाकघराला दोन फूट रुंदी आणि एक नीट बाथरूम, एवढं त्यात बसतं. नकाशा मी चार वेळा पाहिला आहे.

आता घरपट्टीचं. तुम्ही सेक्रेटरी होतात तेव्हा २०१० साली भाड्यावरची आकारणी जाऊन भांडवली मूल्यावरची आली, ती सगळ्यांना जिन्यात उभं राहून तुम्हीच समजावली होती: रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी बाजारभावाचा दर, गुणिले कार्पेट, मग इमारतीचं वय, बांधकाम, मजला. आपल्याकडे पट्टी सध्या येत नाही ती घर लहान म्हणून. २०१९ ला नुसता सर्वसाधारण कर गेला होता, १ जानेवारी २०२२ पासून ५०० फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा सगळाच गेला. कागदावर ४६.४५ चौरस मीटर कार्पेट. आपलं नवं ४६.१७. तीन फुटांनी आत आहोत!

आणि ही पायरी आहे, उतार नाही. ६०२ झालं तर वरच्या १०२ फुटांवर कर लागेल असं नाही, सगळ्या ६०२ वर लागेल. वर नवी इमारत, म्हणजे जुनेपणाची घट नाही, आणि अकराव्या मजल्याचा भार वेगळा. मग दर वर्षी ते बिल, तुमच्या पेन्शनमधून. मी भरीन म्हटलं तर तुम्ही भरू देणार नाही, हे मला माहीत आहे.

१०५ फूट, सवलतीच्या दरानं फुटाला २४ हजार, म्हणजे २५ लाख २० हजार. मोफत मिळणाऱ्या जागेच्या करारनाम्याला नाममात्र स्टॅम्प पुरतो, ते २०२३ साली उच्च न्यायालयानं सांगितलं आहे. पण विकत घेतलेल्या फुटांवर सहा टक्के, म्हणजे दीड लाख आणखी. त्यासाठी आईच्या नावाच्या ठेवी मोडायच्या? मामाच्या डोंबिवलीच्या जागेचं काय झालं ते आठवा.

देखभालीचा मुद्दाही मी लिहिणार होते, पण तुम्ही लगेच म्हणाल की उपविधींप्रमाणे सर्व्हिस चार्जेस लहान-मोठ्या सगळ्या घरांना सारखेच. बरोबर आहे. तो मुद्दा सोडला. आणि ६०२ चं घर उद्या विकलं तर जास्त पैसे येतील हेही खरं, फुटावरच विकतात सगळे. पण आपल्याला विकायचंय कुणाला?

हे सगळं लिहून झाल्यावर वाटतंय की मी एवढे आकडे का मांडते आहे. ती खोली माझ्यासाठी होती ना. मुलं आली तर म्हणजे मी आले तर, आणि आले तर म्हणजे कायमची आले तर. मोठ्याची आठवी इथे सुरू झाली, ह्यांचं काम इथलं. मुंबईला परत येणं आता होणार नाही, बाबा. हे मी तुम्हाला कधी सरळ सांगितलं नाही आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत. वर्षातून दोनदा येईन, जास्त जमलं तर जास्त. पण त्या पंधरा-वीस दिवसांसाठी तुम्ही वर्षभर एक बंद खोली झाडत बसणार, तिची पट्टी भरत बसणार, हे मला नकोय. आई तर रोज तिथली चादर बदलेल.

आणि खरं सांगू? त्या घरात मला खोली कधी नव्हतीच. हॉलमध्ये गादी, पंख्याखाली बाबा, भिंतीकडे मी, आणि २६ जुलैच्या रात्री तर तळमजल्याचे चौघेही आपल्यातच. मला तीच झोप लागते अजून. मुलांनाही खाली झोपायला आवडतं. माझ्या वाटच्या खोलीचं वाईट वाटून घेऊ नका.

नव्या घरात ओटा आईच्या उंचीचा, ३२ इंचांचा, करून घेऊ, लागले तर पैसे मी देईन आणि त्यावर वाद नको. कमोडशेजारी दांडा, बाथरूमला उंबरा नको. देव ईशान्येलाच बसतात, आई, नकाशावर खूण करून ठेवली आहे. मधल्या तीन वर्षांसाठी भाड्याची जागा मुलुंड पूर्वेलाच बघायची, लिफ्टची किंवा तळमजल्याची. भाडं थोडं वाचलं तरी पश्चिमेला जायचं नाही. आईचा गुडघा स्टेशनचा पूल चढणार नाही, आणि आई, तुझी भाजीवाली पूर्वेलाच आहे.

आता मी सांगते ते नीट ऐका. मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, "नुसती हजेरीची सही आहे" म्हणाले तरी नाही. करारनाम्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये हवं, बाल्कनी वेगळी लिहिलेली हवी, नकाशा जोडलेला हवा. "अंदाजे" हा शब्द दिसला तर खोडायला सांगा. बांधताना तीन टक्के इकडचे तिकडे होऊ शकतात, ४९७ चे तीन टक्के पंधरा फूट. तेवढे वर गेले की ५१२, आणि तीन फुटांची सगळी मजा गेली. म्हणून ४६.४५ च्या वर जाणार नाही, असं लिहून मागा. समिती कटकट करेल, तुमची ओळख आहे, ती वापरा. आणि नव्या घराची बाल्कनी, बाबा, बंद करायची नाही. पट्टीसाठी मोजायला कुणी आलं तर ती आत धरतील. यावेळी कुणाची दहावी नाही.

१९७९ चा करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट निळ्या पिशवीत आहेत, ती पिशवी सामानाच्या टेम्पोत जाता कामा नये, हातात न्यायची. साखर जेवणाआधी आणि नंतरही तपासायची, आधीची चांगली आली म्हणून नंतरची टाळायची नाही. आई, बाबांना विचारू नकोस, मशीन स्वतः बघ.

रागावला असाल तर रागवा, पण फोन घ्या. फॉर्म मागे घ्यायला बुधवारपर्यंत मुदत आहे, हे मी सांगणार नव्हते, पण लपवलं तर तुम्ही नंतर नोटीस बोर्डावर वाचालच. तुम्हाला अगदी हवीच असेल ती खोली तर सांगा, पुन्हा बोलू.

दिवाळीला धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पोचते. गादी माळ्यावर आहे, ती मी आल्यावर काढेन. स्टुलावर कुणीही चढायचं नाही.

तुमची,
चिमी