चीजच्या तबकाला काकवी चालेल, पण वेष्टनावरचा मजकूरही वाचावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आणि नववर्षाच्या निमित्ताने पाहुण्यांसाठी चीज प्लॅटर, म्हणजे निरनिराळ्या चीजचे तबक, कसे मांडावे, याविषयी आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. त्यात सजावटीला भरपूर जागा मिळाली. मात्र चीज विकत घेताना काय पाहावे आणि ते वाढावे कसे, हे राहून गेले. कोल्हापुरातही अशी तबके आता दिसू लागली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

फ्रिजमधून काढलेले चीज तसेच पुढे ठेवले, तर त्याचा वास आणि चव दोन्ही दबून राहतात. चेडर किंवा गौडासारखे घट्ट चीज तासभर आधी, तर ब्रीसारखे मऊ चीज अर्धा तास आधी बाहेर काढून झाकून ठेवावे. मात्र मऊ चीज दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. ब्रीच्या त्रिकोणी तुकड्याचे निमुळते टोक आडवे कापून घेतले, तर आतला गाभा एकाच्या वाट्याला आणि नुसती साल दुसऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून टोकापासून सालीपर्यंत उभ्या फाका कराव्यात. (ती पांढरी साल खायची असते, आमच्याकडे बहुतेक पाहुणे ती सोलून बाजूला ठेवतात.) निळ्या बुरशीच्या चीजला सुरी वेगळी हवी, नाहीतर त्याचा उग्र वास सगळ्या तबकाला लागतो.

सोबतीला परदेशी अंजिराचा जॅम आणि महागडी बिस्किटे आणलीच पाहिजेत, असे मात्र मुळीच नाही. डिसेंबरात आपल्याकडे गुऱ्हाळे जोरात चालू असतात आणि खारट, उग्र निळ्या चीजवर ताज्या काकवीची बारीक धार सोडली, तर मधाची आठवणही होत नाही. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाचा खडा जुन्या चेडरबरोबर खाऊन पाहावा. ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे आणि पेरूच्या फोडी यांनी उरलेली जागा भरून निघते. पुढे तांबडा-पांढरा रस्सा असेल, तर माणशी पन्नास ग्रॅम चीज पुरेसे आहे.

आता खरेदीविषयी. वेष्टनावरील घटकांत वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी लिहिलेली असेल, तर ते दुधाचे चीज नसून त्याची नक्कल, म्हणजे ॲनालॉग असते. पिझ्झावर ते वितळते, पण तबकात चवीला उघडे पडते. दुसरी बाब रेनेटची, म्हणजे चीज करताना दूध घट्ट व्हावे म्हणून त्यात घालतात त्या पदार्थाची. इटलीच्या पार्मिजानो रेजानो या चीजमध्ये तेथील नियमानुसार वासराच्या जठरातून काढलेले रेनेटच वापरले जाते. परदेशातून येणारे नातेवाईक असे चीज प्रेमाने घेऊन येतात आणि यजमान ते अजाणता शाकाहारी पाहुण्यांपुढे ठेवतात. अशा वेळी ते वेगळ्या बशीत ठेवून स्पष्ट सांगावे.

अडचण सुट्या तुकड्यांची आहे. शहरातील एका दुकानात मोठ्या ठोकळ्यातून कापून, पारदर्शक कागदात गुंडाळून दिलेल्या चीजवर फक्त वजन आणि किंमत होती. घटक विचारल्यावर ‘इंपोर्टेड आहे’ एवढेच उत्तर मिळाले. सुटे चीज विकणाऱ्या दुकानदारांनी मूळ वेष्टन काउंटरवर ग्राहकांना दिसेल असे ठेवावे आणि अन्न व औषध प्रशासनाने सणासुदीच्या तपासणीत मिठाई आणि खव्याबरोबर याकडेही लक्ष द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर