स्वप्नांतले रंग टीव्हीने आणलेले नाहीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील स्वप्नांविषयीचा लेख वाचला. ‘रंगीत टीव्ही आला आणि माणसांची स्वप्नेही रंगीत झाली’ हा त्यातील निष्कर्ष पटला नाही. १९४२ साली अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ७० टक्के जणांनी स्वप्नात रंग क्वचित दिसतात किंवा दिसतच नाहीत असे सांगितले, हे खरे. पण ही उत्तरे दिवसाउजेडी, आठवून आठवून लिहिलेली होती. १९६२ मध्ये संशोधकांनी बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने हलत असताना, म्हणजे बहुधा स्वप्न चालू असतानाच, झोपलेल्यांना उठवले आणि खोदून विचारले. तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक स्वप्नांत रंग निघाले! त्या वेळी तिकडेही बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होते.

म्हणजे रंग स्वप्नात असतो, आठवणीतून तो आधी उडतो. आजी स्वप्नात आली होती हे दुपारपर्यंत लक्षात राहते; तिचे लुगडे हिरवे होते की जांभळे, हे सकाळचा चहा उकळेपर्यंतच विसरलेले असते. पडद्याचा परिणाम असलाच, तर तो ही रिकामी जागा भरताना होत असावा. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या पिढ्यांनी हळद, कुंकू, गुलाल डोळ्यांनी पाहिलाच होता आणि स्वप्ने त्याच साठ्यातून रचली जातात. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांनाही पुढे अनेक वर्षे स्वप्नात रंग दिसू शकतात, ते काही टीव्हीमुळे नव्हे.

– एक वाचक, सातारा