'तळीराम' आणि निधनवार्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारू पिऊन गाडी ठोकली की बातमी पहिल्या पानावर येते. यायलाच हवी. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली दारूमुळे जगभरात सुमारे २६ लाख माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे १६ लाख कर्करोग, हृदयविकार, यकृताचे विकार अशा रेंगाळणाऱ्या दुखण्यांनी गेली. अपघात, मारामाऱ्या, आत्महत्या हे सगळे मिळून सात लाखांच्या थोडे वर. म्हणजे बहुतेक जण रस्त्यावर नाही, अंथरुणात गेले. त्यांच्या निधनवार्तेत 'अल्पशा आजाराने' एवढेच छापून येते. दारू कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच सांगितले आहे, तरी तंबाखूइतकी धास्ती दारूची कुणी घेत नाही.

मी व्यसनमुक्ती वॉर्डात परिचारिका होते. तिथे नातेवाइकांकडून हमखास ऐकू यायचे, "ह्यांना कितीही प्यायली तरी चढत नाही हो!" त्यात थोडा अभिमानही असे. खरे तर न चढणे हीच धोक्याची खूण. शरीर सरावते, मेंदू दारू धरूनच चालायला शिकतो आणि आत यकृताची नासाडी चालूच राहते.

दुसरे वाक्य याहून घातक: "मनात आणले तर आजच सुटेल." वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात, माणूस भिंतीवरचे किडे झटकू लागतो, घरच्यांना ओळखत नाही. उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. घरच्यांनी खोलीत कोंडून 'सोडवलेले' रुग्ण आमच्याकडे याच अवस्थेत यायचे. औषधे देऊन हा काळ पार पाडता येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसायचे.

हेरॉइनची गोष्ट वेगळी. तिथे जिवाला मोठा धोका सोडल्यानंतर असतो. महिनाभर बंद राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस मोह होऊन जुन्याच मात्रेत घेतो. श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत नाजूक.

आणि घरचे? बायको साहेबांना फोन करून "ह्यांना ताप आहे" सांगते, मुले मित्रांना घरी बोलवत नाहीत. लाजेपायी सगळे घर खोटे बोलायला शिकते. उपचाराला उशीर होतो तो बराचसा इथेच.

म्हणून एक विनंती. व्यसनाशी संबंधित बातमीखाली दोन ओळी छापाव्यात: रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद करू नये, आधी डॉक्टरांना भेटावे. आणि मथळ्यातला 'तळीराम' काढता आला तर पाहा. त्याची मुलगीही तुमचा पेपर वाचते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका